तोडणे, फोडणे, मोडणे : ‘ब्रेक’ या शब्दाच्या तुर्की वाटा

प्रस्तावना

हे पुस्तक ‘ब्रेक’ या एका इंग्रजी क्रियापदाबद्दल आणि तुर्की भाषेत त्याच्या जागी येणाऱ्या शब्दांबद्दल आहे. एका शब्दासाठी एवढा प्रपंच कशाला, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच. त्याचे उत्तर आधी दिलेले बरे.

परभाषा शिकताना अडवतात ते सोपे शब्द. शास्त्रातली संज्ञा अवघड दिसते खरी, पण तिचा प्रतिशब्द एकदा पाठ केला की काम संपते. रोजच्या बोलण्यातले आखूड, जुने शब्द मात्र शेजार बदलला की अर्थ बदलतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद होती ती ‘सेट’ या क्रियापदाची, चारशेहून अधिक अर्थांची. पुढच्या संपादनात ‘रन’ हे क्रियापद ६४५ अर्थांसह तिच्या पुढे गेले. दोन्ही शब्द इंग्रजी शिकणारे मूल पहिल्या वर्षातच उच्चारते.

‘ब्रेक’ याच कुळातला. इंग्रजीत ग्लास, हाड आणि दोरा यांचे जे होते ते सगळे ‘ब्रेक’. यंत्र बिघडते तेही ब्रेक. शपथ, कायदा, विक्रम, शांतता, उपवास आणि माणसाचे मन, सगळ्यांना हेच एक क्रियापद. युद्ध आणि साथ सुरू होते ती ब्रेक होऊनच, पहाट उगवते तीही तशीच, आणि कामातून मध्येच घेतलेली विश्रांती पुन्हा ‘ब्रेक’. गाडीचा ब्रेक तेवढा निराळा. इंग्रजीत तो वेगळा शब्द आहे आणि त्याचे स्पेलिंगही वेगळे, फक्त देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात. तुर्कीत त्याला ‘फ्रेन’ म्हणतात, फ्रेंचमधून घेतलेला. या पुस्तकात त्याचा संबंध नाही.

इंग्रजी-तुर्की कोश उघडला तर ‘ब्रेक’समोर पहिला शब्द सापडतो ‘किरमाक’. विद्यार्थी तो पाठ करतो आणि मग प्रत्येक ब्रेकसाठी वापरू लागतो. दोरा ‘किरमाक’, शपथ ‘किरमाक’, उपवास ‘किरमाक’. इस्तंबूलच्या माणसाच्या कानाला हे किती खटकत असेल, याची कल्पना मराठी माणसाला चांगली येईल. एखादा परदेशी पाहुणा आपल्याला ‘माझा चष्मा तुटला, माझा पाय फुटला आणि माझी चप्पल मोडली’ असे सांगू लागला, तर आपल्याला समजते सगळे, पण एकही वाक्य बरोबर वाटत नाही.

आपल्याकडे काच फुटते, काठी मोडते आणि दोरी तुटते. नारळ फोडायचा, फूल तोडायचे, मोडलेला पाय प्लास्टरमध्ये घालायचा. हे नियम कुठल्या शाळेत शिकवलेले नसतात. तीन वर्षांचे मूलसुद्धा ‘फुगा मोडला’ म्हणत नाही. वस्तू पाहिली की क्रियापद आपोआप ओठांवर येते. कडक आणि ठिसूळ, आतून पोकळ किंवा भरलेले असे काही असेल तर फुटणे. लांब आणि ताठ वस्तू मध्येच वाकून दुभंगली तर मोडणे. जोडलेले, ताणलेले किंवा लटकलेले काही विलग झाले तर तुटणे. ही वर्गवारी आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे की ती आपल्याजवळ आहे याचीच आठवण राहत नाही.

या पुस्तकाचे म्हणणे एवढेच आहे : तुर्की शिकणाऱ्या मराठी माणसाने ‘ब्रेक’चा तुर्की अर्थ इंग्रजीवरून शोधू नये, मराठीवरून शोधावा. इंग्रजी वाट लांबची आहे आणि वाटेत बरेच काही हरवते. मराठी वाट जवळची आहे.

तुर्की भाषा या सगळ्या पसाऱ्यासाठी मुख्यतः तीन धातू वापरते. पहिला ‘किर-’. ग्लास, अंडे, अक्रोड, फांदी, हाड, म्हणजे जे जे ताठ आहे आणि बळ लावल्यावर दुभंगते ते सर्व याच्या ताब्यात. आपले फोडणे आणि मोडणे इथे एकत्र येतात. ग्लास फुटला काय नि पाय मोडला काय, तुर्कीत दोन्हींना ‘किरिल्दी’. दुसरा धातू ‘कोप-’. दोरा, बटण, साखळी, झाडावरचे फूल, म्हणजे जे ताणाने किंवा हिसड्याने सुटे होते ते. हे आपले तुटणे. तिसरा ‘बोझ-’. याच्या वाट्याला नीट लागलेली घडी विस्कटणे येते. यंत्र, हवा, पोट, दूध, साखरपुडा, शपथ, झोप, शांतता, सगळे ‘बोझ-’. मराठीत इथे बिघडणे, नासणे आणि मोडणे अशी निरनिराळी क्रियापदे लागतात. लग्न मोडले, शपथ मोडली असे आपण म्हणतो तेव्हा ते मोडणे काठीच्या मोडण्यापेक्षा वेगळे असते. तुर्की या दोन मोडण्यांना दोन वेगळे शब्द देते, आणि तुर्की शिकताना आपल्यालाही आपल्याच शब्दातली ही फट पहिल्यांदा दिसते.

दोन उदाहरणे जरा जवळून पाहू.

पहिले उपवासाचे. इंग्रजीत दिवसभराचा उपवास संध्याकाळी संपवला तरी ‘ब्रेक’ आणि दुपारी चुकून काही खाल्ले तरी ‘ब्रेक’. विधिपूर्वक पूर्ण झालेले व्रत आणि भंगलेले व्रत यांत क्रियापद फरक करत नाही. मराठीत हा गोंधळ होऊच शकत नाही. एकादशीचा उपवास द्वादशीला सोडायचा असतो. मध्येच तोंडात काही गेले तर तो मोडतो. तुर्कीतही अगदी असेच आहे. रमजानमध्ये सूर्यास्ताला इफ्तारची तोफ झाली की लोक ‘ओरुच आचमाक’ करतात, म्हणजे रोजा उघडतात. दिवसा पाणी प्यायले तर तो ‘ओरुच बोझमाक’. सोडणे आणि उघडणे ही दोन वेगळी चित्रे आहेत, पण व्रत पूर्ण होणे आणि व्रत भंगणे यांच्यामधली सीमा दोन्ही भाषांनी एकाच जागी आखली आहे. जिथे समाज उपास गांभीर्याने करतो तिथे भाषेला हा फरक सांभाळावाच लागतो.

दुसरे उदाहरण पैशाचे. शंभराची नोट मोडून आण, असे आपण सहज म्हणतो. सुट्या पैशांना ‘मोड’ म्हणण्याचीही रीत आहे. तुर्कीत नोट मोडणे म्हणजे ‘पारा बोझमाक’ आणि चिल्लर म्हणजे ‘बोझुक पारा’, शब्दशः मोडलेला पैसा. हाच ‘बोझुक’ शब्द बंद पडलेल्या लिफ्टच्या दारावर लावलेल्या कागदावर दिसतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला बिघडलेली लिफ्ट आणि खिशातली चिल्लर यांचा मेळ घालायला वेळ लागतो. मराठी माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही.

मनाच्या बाबतीत तुर्की भाषा विशेष बारकाईने बोलते, म्हणून या पुस्तकातले एक सबंध प्रकरण तिथे खर्ची पडले आहे. मन दुखावणे म्हणजे ‘काल्प किरमाक’, हृदय फोडणे. त्यातून ‘किरगिन’ हे विशेषण होते. जवळच्या माणसाच्या शब्दाने किंवा वागण्याने जो आतून दुखावला आहे, पण ज्याच्या मनात सूड नाही, तो ‘किरगिन’. याच्या शेजारी ‘किझगिन’ हा शब्द आहे, एका व्यंजनाच्या फरकाचा. त्याचा धातू तापण्याचा. ‘किझगिन’ म्हणजे तापलेला, रागावलेला. आपणही ‘तो आज तापलाय’ असेच म्हणतो. आणि तिसरा शब्द ‘क्युस’, म्हणजे ज्याने अबोला धरला आहे तो. मुलांच्या कट्टीपासून मोठ्यांच्या वर्षानुवर्षांच्या अबोल्यापर्यंत सगळे यात बसते. तुर्की मालिका आज जगभर उपशीर्षकांसह पाहिल्या जातात. पात्र म्हणते ‘मी तुझ्यावर किरगिन आहे’ आणि खाली इंग्रजीत कधी राग दिसतो, कधी दुःख. मराठीत ‘मी दुखावलोय’ एवढे म्हटले तरी अर्थ जवळपास जागेवर येतो.

दिलेल्या शब्दाचेही असेच. वचन देणे म्हणजे तुर्कीत ‘स्योझ व्हेरमेक’, शब्दशः शब्द देणे. वचन मोडणे म्हणजे ‘स्योझ्युन्देन द्योनमेक’, आपल्या शब्दापासून माघारी फिरणे. आपल्याकडे माणूस शब्द फिरवतो, तिकडे माणूस शब्दावरून फिरतो. फिरणे दोन्हीकडे आहे. कायदा मोडण्यासाठी तुर्कीत ‘चीनेमेक’ वापरतात, ज्याचा अर्थ चावणे आणि पायाखाली तुडवणे असा दोन्ही होतो. कायदा पायदळी तुडवणे हा आपला वाक्प्रचार ज्याच्या जिभेवर आहे, त्याला हे पाठ करावे लागणार नाही.

मग विश्रांतीचा ‘ब्रेक’. इथे तुर्कीत तोडफोडीचा मागमूस नाही. ‘आरा’ म्हणजे दोन गोष्टींमधली जागा. कार्यक्रमातला, सामन्यातला, बैठकीतला खंड तो ‘आरा’. ‘मोला’ म्हणजे थांबा. हा शब्द इटालियन खलाशांच्या बोलीतून आला, दोर सैल सोडण्याच्या हुकमावरून. आज लांब पल्ल्याची बस रस्त्यात जेवणाखाण्यासाठी थांबते ती ‘मोला’साठी. आणि शाळेतली मधली सुट्टी म्हणजे ‘तेनेफ्फ्युस’, जो मूळ अरबी शब्द श्वासोच्छ्वासाचा आहे. जरा दम खा, असे आपण म्हणतो त्याच जातीचा.

सकाळच्या न्याहारीत तर दोन संस्कृतींचा इतिहासच दिसतो. इंग्रजी ‘ब्रेकफास्ट’मध्ये रात्रभराचा उपवास सोडणे आहे. तुर्की ‘काहवाल्ती’ हा शब्द ‘काहवे’ आणि ‘आल्त’ यांचा, म्हणजे कॉफी आणि खालचा भाग यांचा जोड. कॉफीच्या आधी पोटाला आधार म्हणून जे खायचे ते. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इस्तंबूलमध्ये कॉफीगृहे निघाली आणि कॉफीने तिथल्या दिवसाची मांडणी बदलली. आज तुर्कस्तानात न्याहारीबरोबर घरोघर चहाच असतो, पण न्याहारीचे नाव कॉफीवरूनच चालत आले आहे.

सुरुवातीचे ‘ब्रेक’ सर्वांत मनोहर. वादळ सुरू होते तेव्हा तुर्कीत ‘फिर्तिना कोप्तू’, वादळ तुटले, म्हणजे जणू बांधून ठेवलेले काही हिसडून मोकळे झाले. आपणही वारा सुटला, वादळ सुटले असे म्हणतो. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो तोही ‘कोप्तू’, आणि जगबुडी येते तीही. कयामत तुर्कीत ‘तुटते’. युद्धाला मात्र ‘चिक्ती’ म्हणजे निघाले, किंवा ‘पात्लादी’ म्हणजे स्फोट झाला. पहाटेला ‘शाफाक स्योक्त्यु’. ‘स्योकमेक’ म्हणजे शिवण उसवणे. रात्रीची शिवण उसवते आणि उजेड दिसू लागतो. आपल्याकडे तांबडे फुटते. ‘ब्रेकिंग न्यूज’ला तुर्की वाहिन्या ‘सोन दाकिका’ म्हणतात, शेवटचे मिनिट, म्हणजे आत्ताआत्ताची. आणि वाईट बातमी हलकेच सांगणे, ज्याला इंग्रजीत पुन्हा ‘ब्रेक’च लागते, तिथे तुर्की फक्त बातमी ‘देते’. आपण ती कानावर घालतो.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर ‘किरमाक’ म्हणजे इंग्रजी शब्दाचा एक तुकडा, असा गैरसमज होईल. ‘किरमाक’ला स्वतःचा संसार आहे आणि तो इंग्रजीच्या कुंपणाबाहेर दूरवर पसरला आहे. चालक गाडी झटकन वळवतो तेव्हा तो सुकाणू ‘किरतो’. दुकानदार भाव पाडतो तेव्हा किंमत ‘किरतो’. शिक्षक गुण कापतात तेव्हा गुण ‘किरतात’. आणि मुले शाळेला दांडी मारतात तेव्हा ती शाळा ‘किरतात’. दोन भाषांतले शब्द असे एकमेकांवर अर्धवट चढलेले असतात. काही भाग जुळतो, बाकीचा दोन्हीकडे उरतोच.

भाषाशास्त्राने या विषयाकडे फार पूर्वीपासून लक्ष दिले आहे. चार्ल्स फिलमोर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मारणे आणि मोडणे या दोन प्रकारच्या इंग्रजी क्रियापदांवर एक लेख लिहिला, जो आजही वाचला जातो. त्याचा गाभा आपल्या शब्दांत असा : ‘मारले’ म्हटले की काय केले ते कळते, काय झाले ते कळत नाही, ‘मोडले’ म्हटले की काय झाले ते कळते, कशाने ते कळत नाही. पुढे नेदरलँड्समधल्या नायमेखेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी कापण्याच्या आणि मोडण्याच्या ६१ छोट्या चित्रफिती २८ भाषांच्या भाषकांना दाखवून प्रत्येक कृतीला ते काय म्हणतात हे नोंदवले. भाषाभाषांत कप्प्यांची संख्या वेगळी निघाली, सीमा वेगळ्या निघाल्या, पण कोणत्या दिशेने फरक करायचा याबाबत बरेच साम्य आढळले. घाव नेमका कुठे पडणार हे आधी ठरलेले आहे का, ही एक दिशा. मध्येच मोडणे आणि चक्काचूर होणे यांतला फरक ही दुसरी. मोडणे आणि फोडणे हे वेगळे ठेवणाऱ्या मराठी माणसाला या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

कोशकारांचे ऋण इथे मान्य केले पाहिजे. जेम्स रेडहाउस हा इंग्रज तरुणपणी इस्तंबूलला गेला, ऑटोमन सरकारच्या नोकरीत राहिला आणि तुर्कीचा जाणकार झाला. त्याचा इंग्रजी-तुर्की कोश १८६१ चा आणि मोठा तुर्की-इंग्रजी कोश १८९० चा. त्याच काळात आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. मोल्सवर्थने आरंभलेला आणि त्याचा सहकारी कँडी याने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. एकाच पिढीतली ही माणसे एकाच इंग्रजी शब्दापुढे प्रतिशब्दांच्या ओळी मांडत होती. त्या ओळी शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे काम मात्र राहून गेले. मराठी आणि तुर्की यांच्यामध्ये नेहमी इंग्रजी बसलेली राहिली.

खरे तर या दोन भाषांची ओळख इंग्रजीपेक्षा जुनी आहे. फारसीच्या मार्फत दख्खनमध्ये तुर्की शब्द आले आणि ते आपले झाले. तोफ हा शब्द तुर्की ‘तोप’. इस्तंबूलमध्ये बोस्फरसच्या काठी ‘तोपहाने’ नावाची वस्ती आहे आणि नगरमध्ये तोफखाना आहे. मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली गेली, ती रूमी खान या सरदाराच्या देखरेखीखाली. ‘रूमी’ म्हणजे ऑटोमन मुलुखातला. मशालची, खजांची यांतला ‘ची’ हा तुर्की प्रत्यय आजही तिकडे जिवंत आहे. गारगोटीवर ठिणगी पाडणारी चकमक तिकडे ‘चाकमाक’ या नावाने लायटर झाली आहे.

पण शब्दांपेक्षा मोठे साम्य वाक्यात आहे. ‘बार्दाक मासादान द्युश्त्यु, किरिल्दी.’ ग्लास टेबलावरून पडला, फुटला. शब्दाला शब्द जुळतो, क्रमही तोच. ‘मासा’ला ‘दान’ लागतो तसा टेबलाला ‘वरून’. कुणी फोडले आणि आपोआप फुटले यांत इंग्रजी ‘ब्रेक’ रूप बदलत नाही. तुर्कीत ‘किर्दी’ म्हणजे फोडले, ‘किरिल्दी’ म्हणजे फुटले. ‘कोप्तू’ म्हणजे तुटले, ‘कोपार्दी’ म्हणजे तोडले. आपण हेच काम स्वर बदलून करतो : फुटणे, फोडणे, तुटणे, तोडणे. फक्त मोडणे तेवढे दोन्हीकडे सारखे राहते, इंग्रजी ‘ब्रेक’सारखे.

आता पुस्तकाच्या मांडणीविषयी. प्रकरणे इंग्रजी अर्थांप्रमाणे लावलेली नाहीत, वस्तूंप्रमाणे लावली आहेत : ताठ वस्तू, ताणलेल्या वस्तू, लागलेली घडी, माणसाचे मन आणि शब्द, मधला खंड, आणि अचानक झालेली सुरुवात. प्रत्येक नोंदीत आधी मराठी वाक्य, मग तुर्की, आणि शेवटी इंग्रजी आहे. हा क्रम जाणूनबुजून ठेवला आहे.

उच्चारांबद्दल थोडे. तुर्कीने १९२८ मध्ये अरबी लिपी सोडून रोमन अक्षरांवर आधारलेली २९ अक्षरांची लिपी घेतली. तिच्यात आठ स्वर आहेत, त्यांतले तीन मराठीत नाहीत. ‘किरमाक’मधल्या पहिल्या स्वरासाठी जीभ ‘ऊ’साठी जिथे असते तिथे मागे ठेवून ओठ ‘ई’सारखे पसरायचे, देवनागरीत इथे ‘इ’ लिहिली आहे. ‘स्योकमेक’मधल्या स्वरासाठी जीभ ‘ए’ची आणि ओठ ‘ओ’चे. ‘क्युस’मधल्या स्वरासाठी जीभ ‘ई’ची आणि ओठ ‘ऊ’चे. शेवटचे ‘माक’ किंवा ‘मेक’ म्हणजे आपले ‘णे’. धातूतल्या स्वराला साजेल ते निवडले जाते. देवनागरी ही केवळ सोय आहे. तुर्की माणसाच्या तोंडून शब्द ऐकल्याशिवाय उच्चार पुरा होत नाही, म्हणून वाचकाने बातम्या, गाणी, मालिका जे मिळेल ते ऐकावे.

वाचकाला एक विनंती आहे. नोंद वाचण्याआधी उजवीकडचे तुर्की झाकावे आणि मराठी वाक्यापुढे स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : काय मोडले, कसे मोडले, आणि ते पुन्हा जुळवता येईल का? ताठ वस्तू असेल तर ‘किर-’, ताणलेली असेल तर ‘कोप-’, घडी विस्कटली असेल तर ‘बोझ-’. दहातल्या सात-आठ वेळा उत्तर बरोबर येईल. उरलेल्या दोन-तीन वेळा येणार नाही, आणि त्या जागीच तुर्की भाषा स्वतःच्या रीतीने जगाकडे कसे पाहते ते कळेल. शिकण्यासारखे सर्वांत जास्त तिथेच आहे.

मराठीतून जगातल्या इतर भाषांकडे थेट जाणारी पुस्तके फार थोडी आहेत. जपानी असो, अरबी असो, तुर्की असो, आपण इंग्रजीच्या दारातूनच आत जातो आणि इंग्रजीला जे फरक दिसत नाहीत ते आपल्यालाही दिसेनासे होतात, वास्तविक ते आपल्या भाषेत लखलखीत असतानाही. तुर्की ही सुरुवात आहे. एकाच क्रियापदाला घेऊन इतके काही हाती लागत असेल, तर घेणे, लागणे, पडणे, येणे यांना घेऊन किती लागेल, याचा विचार भाषेवर प्रेम करणाऱ्या तरुण अभ्यासकांनी करावा आणि आपापल्या आवडीची एक भाषा निवडून कामाला लागावे. तुलनेसाठी लागणारे निम्मे साहित्य त्यांच्या बोलण्यात आधीपासूनच आहे.